वझेबुवांची दोन नाटकं एका संध्याकाळी: 'रणदुंदुभी' आणि 'संन्यस्त खड्ग' कशी बसवावीत?

लष्करकर (ग्वाल्हेर):

नमस्कार मंडळी. रामकृष्णबुवा वझे ग्वाल्हेरात निसार हुसेन खाँसाहेबांकडे शिकले, हे इथल्या प्रत्येक मराठी घरात अभिमानाने सांगतात. पण बुवांनी चाली दिलेलं एखादं अख्खं नाटक इथे कुणी रंगमंचावर आणत नाही. 'मर्मबंधातली ठेव ही' आणि 'परवशता पाश दैवे' मैफलीच्या शेवटी होतात, आणि तेवढ्यावरच भागतं.

आमचा विचार असा: बुवांच्या चालींची, दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीची दोन नाटकं, वीर वामनराव जोशींचं 'रणदुंदुभी' (१९२७) आणि सावरकरांचं 'संन्यस्त खड्ग' (१९३१), एकाच संध्याकाळी, मध्ये एक मध्यंतर ठेवून. हौशी संच आहे, प्रयोग तिकीट लावून करायचा आहे. १४ नट, त्यांत गाणारे चार (दोन पुरुष, दोन बायका), एक जुना पायाचा ऑर्गन, तबला, व्हायोलिन. सभागृह साडेसहा ते दहा मिळेल. डिसेंबरात, तानसेन समारोहाच्या आसपास करावं असं मनात आहे.

प्रश्न तीन. एक, दोन्ही संहिता मिळून सहा-सात तासांचा ऐवज आहे, तो तीन तासांत कसा बसवायचा? दोन, चाली कशावरून घ्यायच्या? तीन, आधी कोणतं नाटक?

---

विंगेतून:

कात्री लावण्याआधी हिशेब मांडा. साडेसहाला पडदा उघडला, प्रत्येक नाटकाला ७५ मिनिटं, मध्यंतर २०, नांदी आणि आभाराला १०. साडेनऊला संपतं, सभागृह रिकामं करायला अर्धा तास उरतो. याहून लांबवू नका. मध्यंतरानंतर दुसरं नाटक सुरू होताना प्रेक्षकाला घड्याळ दिसलं की तो गाडीची किल्ली चाचपतो.

आता ७५ मिनिटांची फोड. आठ पदं, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे ३२. एक वन्स मोअर धरून ठेवा, ३ मिनिटं. प्रवेश बदलायला ४. उरली ३६. नाटकी मराठी संवाद थांबे धरून मिनिटाला साधारण ११० शब्द जातो, म्हणजे तुमच्याकडे गद्याला चार हजार शब्दांच्या आतबाहेर जागा आहे. संहिता टाइप करून घ्या आणि शब्द मोजा. पानं मोजून फसगत होते, कारण जुन्या छपाईत एका पानावर किती मजकूर मावेल याला धरबंध नसतो.

आणि हौशी संच इथे हमखास गोत्यात येतात: 'हा प्रवेश कंटाळवाणा आहे' म्हणून तो उडवतात. जुन्या संगीत नाटकातले कितीतरी कंटाळवाणे प्रवेश पडदा बदलण्यासाठी लिहिलेले असतात. पुढे रस्त्याचा पडदा सोडून दोन दुय्यम पात्रं गप्पा मारतात, तोवर मागे दरबार लागतो. ते दोघं काढले की दरबारानंतर थेट उपवन येतं आणि प्रेक्षक चार मिनिटं अंधारात खुर्च्या सरकवल्याचा आवाज ऐकतात.

म्हणून संहितेला हात लावण्याआधी एक तक्ता करा. डावीकडे प्रवेश क्रमांक, मग तो खोल रंगमंचावर की पुढच्या पडद्यावर, मग कोण गातं आणि कोणत्या पट्टीत (म्हणजे कोणता सूर षड्ज धरून), शेवटी कोणाचा पोशाख बदलतो. दोन खोल प्रवेश लागोपाठ आले तर मध्ये पुढच्या पडद्यावर काहीतरी हवंच. तिथे गद्याऐवजी एखादं पद पुढे ओढून ठेवता येतं. गायक पडद्यापुढे, मागे सामान हलतंय. मात्र ते मध्य किंवा द्रुत लयीचं, तबला भरून असलेलं पद हवं. विलंबित पदात मागचा खडखडाट लपत नाही.

नांदी एकदाच, संध्याकाळच्या सुरुवातीला. भरतवाक्यही (समारोपाचं पद) एकदाच, अगदी शेवटी.

---

पेटीमास्तर:

चालींबद्दल. पहिली गोष्ट, यूट्यूबवरच्या दीनानाथांच्या रेकॉर्डवरून पट्टी ठरवू नका. ७८ची तबकडी म्हणतात, पण त्या काळात सगळ्या कंपन्या काटेकोर ७८वर मुद्रण करत नव्हत्या, आणि नंतर कॅसेटवर उतरवताना कुणी काय वेगाने फिरवली ते देव जाणे. ८०वर मुद्रित झालेली तबकडी ७८वर वाजवली तर सूर सुमारे ४४ सेंट उतरतो (पेटीवरच्या लागोपाठच्या दोन सुरांत १०० सेंटचं अंतर), म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी. लयही तेवढीच बसते.

दुसरी गोष्ट, तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची. म्हणून रेकॉर्डवर लय चढी आहे, कडवी गाळलेली आहेत, आणि जी तान रंगमंचावर दोन आवर्तनं चालली असती ती अर्ध्या आवर्तनात आवरली आहे. रेकॉर्ड हा चालीचा नकाशा समजा, प्रयोगाचा नमुना नव्हे. शिवाय तिथे ऐकू येते ती बुवांची चाल अधिक दीनानाथांची गायकी. ती झडप, तो पल्ला त्यांचा होता. तुमच्या गायकांना आधी चाल सरळ, हरकती न घेता, सरगमसकट म्हणायला लावा. ती पक्की झाल्यावर कुणाच्या गळ्याला काय झेपतं ते बघता येईल.

बुवांचे 'संगीत कलाप्रकाश'चे दोन भाग मिळवा. त्यात बंदिशी आहेत. बुवा कोणता राग कुठून धरतात, ठेहराव कुठे आहे, हे कळलं की पदातली एखादी अडणारी जागा सुटते.

एकच उदाहरण घेतो, कारण तिथे सगळे घसरतात. 'मर्मबंधातली' पटदीपात आहे. आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य, गंधार कोमल, निषाद शुद्ध. गायकाचा आणि पेटीवाल्याचा हात भीमपलासीला सरावलेला असतो. आरोह अगदी तोच, फरक एकट्या निषादाचा. पंचमावरून वर जाताना तो निषाद जरा उतरला की पद भीमपलासीत जाऊन बसतं आणि त्याची हुरहुर निघून जाते. ऑर्गनवाल्याने आठवडाभर फक्त म प नि सां, सां नि ध प एवढंच घोटावं, कोमल निषादाच्या पट्टीला बोट न लावता.

पट्ट्यांचं सांगतो. तुमचे पुरुष काळी एक (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी हा षड्ज) आणि बायका काळी चार धरून चालू. म्हणजे बाईचा षड्ज पुरुषाच्या पंचमावर येतो. तबला काळी एकचा साधारण साडेपाच इंच तोंडाचा लागतो, काळी चारचा पाच इंचांच्या आसपास. एकच तबला एवढा खालीवर ओढता येत नाही, अर्ध्या पट्टीपलीकडे ओढलात तर पुडी (वरचं चामडं) फाटेल नाहीतर आवाज पोकळ होईल. दोन तबले मिळवून ठेवा, तिसरा सुटा. सभागृहात दिव्यांच्या उष्णतेने पुडी ताणते आणि सूर चढतो, बाहेर धुकं असलं तर उतरतो. मध्यंतरात तबलजीला दहा मिनिटं हातोडीसाठी सोडा, त्याला चहाच्या रांगेत उभं करू नका.

स्त्री-पुरुष दोघांचं एकत्र पद असेल तर आधी अंतरा कुठवर जातो ते बघा. तार षड्जाच्या फार वर जात नसेल तर बाई काळी एकमध्ये वरच्या सप्तकात गाऊ शकते. जात असेल तर ओळी वाटून द्या आणि प्रत्येकाला आपापल्या पट्टीत गाऊ द्या. मधल्या दोन वाक्यांच्या संवादात ऑर्गनने नवा सूर हळूच धरायचा. हे 'सूर देणं' संहितेत लाल पेनने लिहून ठेवा: कोणत्या शब्दावर, कोणती पट्टी. प्रयोगात पद फसतं ते बहुतेक वेळा इथेच. नट वाक्य संपवून थांबतो, ऑर्गनवाला पान शोधत असतो, आणि नट घाबरून आपल्या मनच्या सुरात सुरू करतो.

---

कायद्याचं बोला:

हक्कांचं (कॉपीराइटचं) कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. वामनराव जोशी १९५६ साली गेले, 'रणदुंदुभी' २०१७पासून मोकळं आहे. वझेबुवा १९४५ साली गेले, चालींचा प्रश्न नाही. सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ला गेले, त्यामुळे 'संन्यस्त खड्ग'वरचा हक्क ३१ डिसेंबर २०२६पर्यंत आहे.

हौशी संस्थेने फुकट बोलावलेल्या प्रेक्षकांपुढे प्रयोग केला तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एल)खाली सूट मिळते, पण तुम्ही तिकीट लावणार म्हणता. डिसेंबरात करायचं तर हक्कधारकांकडून लेखी परवानगी घ्या, आणि त्या पत्रात 'संक्षेप करून' हे शब्द असू द्या. नुसती प्रयोगाची परवानगी घेऊन निम्मं नाटक कापलं की वाद निघतो. जानेवारी २०२७मध्ये केलंत तर हा भागच उरत नाही.

मूळ रेकॉर्डचा तुकडा वाजवायचा असेल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा मोजतात, प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. तीसच्या दशकातली तबकडी मोकळी आहे, नव्वदच्या दशकात एखाद्या गायकाने नव्याने गायलेली नाही.

आणि हाच प्रयोग पुढे पुण्या-मुंबईला न्यायचा विचार असेल तर महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी कापलेली संहिताच द्यावी लागते, म्हणून आजच तिची स्वच्छ प्रत करून ठेवा.

---

लष्करकर:

मंडळी, आभार. जानेवारीचं पटतंय. तसंही तानसेन समारोहाच्या दिवसांत इथे बरा तबलजी मोकळा सापडत नाही. मात्र जानेवारीत मेळा चालू असतो, मांडववाले आणि दिवेवाले सगळे तिकडे. ते आतापासून ठरवून टाकू.

अजून एक अडचण. आमची तरुण मुलं घरी मराठी बोलतात, पण शिकली हिंदीत. सावरकरांची लांबच लांब वाक्यं वाचताना अडखळतात, आणि गाताना उच्चार हिंदी वळणाचे होतात. नाटकाच्या आशयाबद्दलही दोन मतं पडली आहेत. 'संन्यस्त खड्ग'मधला, शस्त्र टाकण्यावरून बुद्धाशी होणारा वाद ठेवावा की कापावा?

---

जुनी चाल:

उच्चाराचं आधी, कारण ते सुधारता येतं. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना फरक दिसत नाही. हिंदीत शिकलेलं मूल सगळे तालव्य करतं. 'मर्मबंधातली'च्या पुढच्याच ओळीत 'जपोनि' आहे. जपणे, सांभाळणे यातला ज दंत्य. मुलीने तालव्य ज लावला की ठेव सांभाळायच्या ऐवजी माळ घेऊन जप करायला बसल्यासारखं वाटतं. त्याच ओळीत पुढे 'जीव' येतो, तो मात्र तालव्यच. 'रणदुंदुभी'तल्या 'जगी हा खास वेड्यांचा'मधला ज तालव्य. तुमच्याकडे एक सोय आहे जी पुण्याच्या मुलांकडे नाही: हिंदीमुळे नुक्ता ओळखीचा असतो. त्यांच्या वहीत प्रत्येक दंत्य अक्षराखाली नुक्ता द्या. ज़पोनि, माझ़ा, पण माझी. च़ाल, पण चिंता. उच्चार अगदी उर्दूतल्या ज़सारखा नाही, जीभ दातांना टेकून सुटायला हवी, तरी जिभेला दिशा मिळते. एक संध्याकाळ एवढ्यावरच घालवा. तसंच ळ. 'गळां'चा 'गला' झाला की 'परवशता'ची पहिली ओळच गेली.

लांब वाक्यांसाठी: सावरकरांचं वाक्य मोडून सोपं करू नका, श्वासाच्या जागा ठरवून द्या. क्रियापद शेवटी येतं, म्हणून मूल मध्येच आवाज टाकतं आणि क्रियापद ऐकूच येत नाही. प्रत्येक लांब वाक्यातलं शेवटचं क्रियापद अधोरेखित करा आणि आधी ते म्हणून घ्या, मग मागे मागे जात वाक्य जोडा. पाठही लवकर होतं.

बुद्धाच्या वादाबद्दल माझं मत ठाम आहे. तो कापू नका, आणि कापायचाच असेल तर दोन्ही बाजू सारख्या मापाने कापा. शाक्यांचा सेनापती विक्रमसिंह खड्ग खाली ठेवतो तेव्हा प्रेक्षकाला ते पटलं पाहिजे. शाक्यांवर, म्हणजे बुद्धाच्याच कुळावर, आक्रमण आल्यावर तो ते पुन्हा उचलतो, त्याला वजन येतं ते या पटण्यामुळेच. बुद्धाच्या तोंडची चार बळकट वाक्यं काढून एक मवाळ उपदेश ठेवलात तर वाद उरत नाही, पत्रक उरतं. बुद्धाचं काम संचातल्या सगळ्यात शांत आणि स्वच्छ आवाजाच्या नटाला द्या. ओरडणारा विक्रमसिंहाला द्या, तिकडे खपतं.

विंगेतून यांच्या 'आठ पदं चार-चार मिनिटं' या हिशेबाशी मात्र मी सहमत नाही. सगळी पदं एका मापाची केली की संध्याकाळ गाण्यांच्या स्पर्धेसारखी होते. दोन पदं सहा-सात मिनिटांची ठेवा, विस्तार करून. तीन पदं दीड-दोन मिनिटांत आटपा, एक ध्रुवपद, एक अंतरा, संवादात विरून जाणारी. बाकीची तुमच्या चार मिनिटांत. बेरीज तीच येते, चढउतार मिळतो. विस्ताराची पदं कोणती हे नाटकातली जागा बघून ठरवा. पात्र एकटं असेल, पुढे काही घडायचं थांबलेलं असेल, तिथे विस्तार शोभतो. शत्रू दाराशी आला असताना सात मिनिटं ताना घेतल्या तर प्रेक्षक हसतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

---

विंगेतून:

जुनी चाल यांचं मापाचं म्हणणं मान्य. फक्त विस्ताराच्या पदाला वन्स मोअर द्यायचा नाही, हे संचाला आधीच सांगून ठेवा. छोट्या, द्रुत पदाला द्या, तेही फक्त ध्रुवपदापासून. ऑर्गनवाल्याने पुढच्या प्रवेशाचा सूर धरला की वन्स मोअर संपला, ही खूण ठरवा. नाहीतर समोरचे चार उत्साही काका अख्खं गणित बिघडवतात.

क्रमाचा प्रश्न राहिला होता. मी 'रणदुंदुभी' आधी ठेवेन. सालाप्रमाणेही तेच येतं, पण खरं कारण गळा. त्यातली पदं चढी आणि जोरकस आहेत, ताज्या आवाजाने व्हावीत. 'संन्यस्त खड्ग'मध्ये गद्याचं वजन जास्त आहे आणि ते मध्यंतरानंतर ऐकायला तयार असलेला प्रेक्षक लागतो, हा त्यातला धोका. म्हणून दुसऱ्या नाटकाचा पहिला प्रवेश संवादाने सुरू करू नका, एखादं पद पुढे आणा. लोक चहा संपवून आत येईपर्यंत ते चालू असेल, कुणाचं वाक्य बुडणार नाही.

मुख्य गाणारी दोन्ही नाटकांत एकच नको. दोन बायका आहेत तर एकेकीला एकेक नाटक. 'रणदुंदुभी'तली तेजस्विनी दीनानाथ करत, म्हणून त्या भूमिकेला पुरुषच हवा असा हट्ट कुणी धरेल. धरू द्या, पण तुमच्या पुरुषांच्या काळी एकला ती पदं त्या धारेने निघायची नाहीत.

---

लष्करकर:

ऑर्गन कालच उघडून बघितला. तीन सूर बोलत नाहीत, एक दाबला की सुटत नाही. बाकी पट्ट्या ट्यूनरवर सगळ्या सारख्याच १५ सेंट चढ्या दाखवतात. दुरुस्तीला पाठवू, की कीबोर्डवर भागवू?

---

पेटीमास्तर:

पाठवू नका, आधी घरीच बघा. न बोलणाऱ्या सुरांत निम्म्या वेळा रीडमध्ये (सूर काढणाऱ्या पितळी पट्टीत) धूळ किंवा कसर अडकलेली असते. रीड हुकाने सरळ ओढून काढा, वाकडी करू नका, मऊ ब्रशने झाडा, जिभेला नखही लावू नका. काढलेली प्रत्येक रीड क्रमाने कागदावर ठेवा. अदलाबदल झाली तर आठवडा जातो. न सुटणारी पट्टी बहुधा शेजारणीला घासते किंवा पावसाळ्यात फुगलेली असते. तिच्या पिनेजवळचं कापड तपासा, लगेच लाकूड घासायला घेऊ नका. मग दोन्ही पायांनी भाता भरा, सगळे खटके बंद करून पाय थांबवा आणि किती सेकंद दम टिकतो ते मोजा. तीन-चार सेकंदांत बसत असेल तर भात्याच्या घड्यांत चीर आहे. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात कापड-चामडं तडकतंच. ते काम कारागिराचं.

१५ सेंट चढा असेल तर चढाच राहू द्या. सगळे सूर सारखेच चढे आहेत, म्हणजे तो आपल्या परीने सुरात आहे. खरवडून ४४०वर (ट्यूनरच्या प्रमाण सुरावर, ४४० हर्ट्झ) आणायच्या नादात रीडा जातात. इलेक्ट्रॉनिक तानपुरा बारीक चकतीने १५ सेंट वर करा, व्हायोलिन आणि तबला ऑर्गनवरून लावा, आणि तालमीला ४४०चा कीबोर्ड अजिबात आणू नका. महिनाभर कीबोर्डवर गायलेला गळा प्रयोगाच्या दिवशी ऑर्गनखाली लागतो.

ऑर्गन कुठे ठेवताय तेही कळवा. गायकापासून दहा मीटरवर असेल तर त्याला सूर सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि द्रुत पदात लय ओढल्यासारखी वाटते. चार-पाच मीटरच्या आत, रंगमंचाच्या पुढच्या कोपऱ्यात ठेवा, तबला समोरच्या कोपऱ्यात, आणि दोघांची नजरानजर होईल असा.